एरंडोलचे नाना गाडी विकत घेतात

परदेशातून आगगाडी विकत आणायला जाताना पेटीत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि बायकोचं जुनं लुगडं घेऊन जाणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. आमच्या मेट्रोत त्यांना शिपायापासून थोरल्या साहेबांपर्यंत सगळे नाना म्हणत. कागदोपत्री ते गाड्यांच्या खरेदीतले तपासणीचे इंजिनियर होते. म्हणजे बाहेरच्या देशातल्या कारखान्यानं आपल्यासाठी गाडी बांधली की ती आपण मागितली तशीच आहे का, हे पाहून सही करायचं काम त्यांचं. ती सही झाल्याशिवाय गाडी बोटीवर चढत नसे. एवढी मोठी सही ज्या हाताची, तो हात दिवसभर कशावर ना कशावर टकटक करत असे. कलिंगड घेताना माणूस वाजवून बघतो तसे नाना प्रत्येक वस्तू आधी वाजवत आणि मग पाहत. डब्याचा पत्रा, सीट, खांब, ऑफिसचं टेबल, हॉटेलचं दार. एकदा नवे साहेब डेपो पाहायला आले, तर नानांनी मागून जाऊन त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेटच वाजवलं. साहेब गर्रकन वळले. नाना शांतपणे म्हणाले, "चांगला माल शे." हे हेल्मेटबद्दल होतं की आतल्या डोक्याबद्दल, ते साहेबांना कळलं नाही, आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही.

मी जळगावजवळच्या असोद्याचा. नववीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. एका ठेकेदाराबरोबर इथं आलो, घरापासून रेल्वेनं दीड दिवस लांब. इथं वांग्याला दुसरंच नाव आहे आणि भाकरीला तर नावच नाही. आधी डबे धुवायला होतो, मग दारांचं काम हाताखाली शिकलो आणि दारांचा फिटर झालो. मला मुळात प्रत्येक गोष्टीची भीती वाटते. फॉर्म भरायची, लिफ्टची, साहेबानं नावानं हाक मारायची. ठेका दरवर्षी नव्यानं व्हायचा, त्यामुळे वर्षातले अकरा महिने मी काळजीत असे आणि बाराव्या महिन्यात आजारी. अशाच एका दुपारी डेपोत गाडीच्या कडेला उभा राहून मी फोनवर आईशी बोलत होतो. "जेवली का वो माय, मले सुट्टी नाही भेटत," एवढंच बोललो, तर गाडीच्या खालून आवाज आला, "असोदाना का भादलीना?" वाकून पाहिलं तर चाकांच्या मधे एक गृहस्थ पाठीवर पडलेले, तोंडाला ग्रीस, हातात बॅटरी. साहेब गाडीखाली कसे, हे सुचायच्या आधी माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते नाना होते. दोन वर्षांत माझ्या बोलण्यावरून माझं गाव ओळखणारं कुणी भेटलं नव्हतं.

लोकांना वाटतं की मेट्रोवाले दुकानात जातात, ही निळी द्या, ती हिरवी द्या म्हणतात आणि गाडी घेऊन येतात. मलाही तसंच वाटायचं. नानांनी मला सगळी रीत सांगितली. आधी आपल्याला काय पाहिजे त्याचा एक ग्रंथ लिहायचा. त्याला स्पेसिफिकेशन म्हणतात. मग निविदा निघते, चार देशांतल्या कंपन्या पाकिटं टाकतात. आधी कामाचं पाकीट उघडायचं, भावाचं मागून. ज्याचं काम पसंत आणि भाव कमी त्याला करार. मग दीड-दोन वर्षं नुसती ड्रॉइंगं येतात, आपण दुरुस्त करून परत पाठवायची. मग एक लाकडी नमुना-डबा करतात, त्यात बसून पाहायचं. मग पहिली गाडी तिकडे तयार होते, तिकडेच तिच्या चाचण्या होतात, आपली माणसं जाऊन बघतात, सही करतात, आणि मग ती बोटीनं निघते. नानांचे वडील बैल पारखणारे होते. बैलबाजारात लोक त्यांना जेवू घालून बैल दाखवायला नेत. त्यामुळे नानांच्या लेखी यात नवीन काहीच नव्हतं. ड्रॉइंग म्हणजे दात पाहणं, लाकडी नमुना म्हणजे खांद्यावरून हात फिरवणं, आणि कारखान्यातली चाचणी म्हणजे बैल औताला जुंपून शेतात चार सऱ्या काढून बघणं. "कागदवर कोनताच बैल लंगडा ऱ्हास नही," असं ते मीटिंगमध्ये म्हणत, आणि टिपण घेणाऱ्या पोरीला ते इंग्रजीत कसं लिहायचं ते कळत नसे.

तो स्पेसिफिकेशनचा ग्रंथ नानांनी लाल फडक्यात बांधून ठेवला होता. रोज सकाळी आंघोळ झाल्यावर पोथी वाचावी तसं त्यातलं एक कलम मोठ्यानं वाचत. मला क्वार्टरवर चहाला बोलवत आणि समोर बसवत. "भाऊ, ऐक. कलम एकशे चौदा. खिडकीची काच." मी ऐकायचो. इंग्रजी काही कळायचं नाही, पण सहा महिन्यांत काच, दार, रबर, दाब, अंतर हे शब्द ओळखीचे झाले, आणि वर्षभरात मी पुढचं कलम त्यांच्या आधी म्हणू लागलो. शाळेत गुरुजींनी मारून जे आलं नाही ते मेट्रोच्या खरेदीनं आलं. त्यांच्या खिशात एक काचेची गोटी असे. नवा डबा पाहायला गेले की आधी ती जमिनीवर ठेवायची. गोटी घरंगळली तर नाना कपाळाला आठ्या घालून म्हणत, "हाई जमीन उताराले शे." कंपनीचे लोक हसत हसत लेझरचं यंत्र लावत आणि मग हसायचे थांबत.

गाडी बांधणाऱ्या त्या परदेशी कंपनीचा दारांचा एक इंजिनियर होता. उंच, हडकुळा, गळ्यात कायम ओळखपत्राची फीत. नाना त्याला दारवाला भाऊ म्हणत. दोघांचंही इंग्रजी सारखंच अशक्त होतं, त्यामुळे त्यांचं फार चांगलं जमे. ड्रॉइंगच्या काळात तो आमच्या शहरात आला तेव्हा म्हणाला, दार एवढं रुंद कशाला मागता, आमच्याकडे याच्या पाऊणपटीत भागतं. नानांनी वाद घातला नाही. चार दिवसांची रजा टाकली आणि त्याला थेट जळगावला नेलं. वाट दाखवायला म्हणून मलाही. जळगाव नानांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला घरी जायला मिळावं म्हणून केलेली ती युक्ती होती, हे मला परतताना कळलं. संध्याकाळी बसस्टँडवर त्यांनी दारवाल्याला असोद्याच्या बससमोर उभं केलं. बस लागली आणि जे व्हायचं ते झालं. खिडकीतून रुमाल गेले, टोप्या गेल्या, एक पोतं गेलं, त्यामागून पोत्याचा मालक गेला. दारातून एकाच वेळी तीन बाया, दोन टोपल्या आणि एक सायकलची ट्यूब आत शिरली. दारवाला पांढरा पडला. त्यानं विचारलं, "हे लोक कशापासून पळताहेत?"

"पळत नाहीत," नाना म्हणाले. "असोद्याला चाललेत."

त्यानं वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. रात्री आमच्या घरी जेवायला होता. आईनं भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरी, ठेचा. परदेशी पाहुण्याला रोजच्या ताटात कसं वाढायचं म्हणून तिनं पदराच्या टोकाला मारलेली गाठ दातांनी सोडली, त्यातली किल्ली काढली आणि पेटीतली स्टीलची नवी ताटं बाहेर आली. दारवाला ताटाकडे न बघता त्या गाठीकडेच बघत होता. "हे तुमचं लॉकर?" त्यानं विचारलं. नानांनी भाषांतर केलं. आई म्हणाली, "हो मंग. हे कोनी चोरत नाही." नवीन गाडीचं दार आम्ही मागितलं तेवढंच रुंद झालं.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. मग एका सकाळी मी डेपोतली जुनी गाडी तपासत होतो, आधीच्या खरेदीतली. एका दाराच्या रबरात मला कापडाची पट्टी सापडली. हिरवी, वीतभर, काठाची, एका टोकाला चुरगळलेली. कुणाच्या तरी साडीचा पदर दारात अडकला होता, गाडी निघाली होती आणि पदर फाटला होता. फाटला म्हणून बरं. ते दार आदल्या दिवशी मीच बसवलं होतं.  कुणालाच सांगितलं नाही. दोन दिवस जेवलो नाही. कुणाला काही झाल्याची तक्रार आलेली नव्हती, पण मला दिसायची ती बाई, चेहरा नसलेली, फलाटावरून गाडीबरोबर पळणारी. तिसऱ्या दिवशी ती पट्टी नानांच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "मले घरी पाठवा."

नाना ओरडले नाहीत. माझ्याबरोबर त्या दाराशी आले, तीन तास मापं घेतली. दार नियमाप्रमाणे बरोबर होतं. मग ते प्लॅटफॉर्मवर मांडी घालून बसले आणि पहिल्यांदाच त्यांचा हात काही वाजवत नव्हता. नियम असा होता की दार मिटताना मधे बोटाएवढी जाड पट्टी आली तर दारानं परत उघडायचं. त्याहून पातळ काही आलं तर दाराला ते कळायची गरज नाही. नवीन गाडीच्या ग्रंथातही तेच कलम होतं, आणि त्याखाली मंजुरीची सही नानांची होती. "तुनी चूक नही," ते म्हणाले. "चूक मनी शे. मी बैल कागदवर लिधा."

यात खरं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. नाना पाच महिन्यांनी निवृत्त होणार होते. पहिली गाडी तिकडे तयार होऊन उभी होती. थोरल्या साहेबांनी उद्घाटनाचं बोलणं वर लावून ठेवलं होतं. आता दार बदला म्हटलं तर कंपनी विचारणार, मंजूर कुणी केलं? चौकशी नानांवरच येणार, आणि चौकशी लागली की निवृत्तीचे कागद अडकतात, उभ्या नोकरीवर शाई सांडते. गप्प राहून सही केली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मी त्यांना तसं सुचवलंही, कारण मी भित्रा आहे. ते म्हणाले, "बैल लेवाना तर चालाडीसन लेवाना. मी चालाडा नही. आते चालाडू." म्हणजे घ्यायचा तर चालवून घ्यायचा, आधी चालवला नाही तर आता चालवू.

तपासणीला जाताना त्यांनी माझं नाव लावलं. हेड ऑफिसनं विचारलं, नववी शिकलेल्या ठेक्यावरच्या माणसाचं तिकडे काय काम? नानांनी उलट लिहिलं, पुढची तीस वर्षं ही दारं ज्याच्या हातात असणार त्यानं ती घ्यायच्या आधी बघावीत, आणि दाराला शिक्षण विचारायची सवय नसते. तीन पत्रं झाली. माझा पासपोर्ट झाला. विमानात मी सगळा प्रवास पट्टा न सोडता बसलो आणि नाना खिडकीची चौकट वाजवत बसले.

त्या थंड देशात पहिल्याच संध्याकाळी नानांनी हॉटेलच्या खोलीतल्या शेगडीवर वांगं भाजायला घेतलं. वांगं तिकडचंच होतं, गुळगुळीत आणि बेचव, पण धूर अस्सल निघाला. छताला बसवलेला धुराचा भोंगा असा वाजला की चार मजल्यांची माणसं बर्फात उभी राहिली. कुणी टॉवेलवर, कुणी एका बुटावर. बंब आला. मला वाटलं, आता आपल्याला परत पाठवणार. नाना बंबवाल्याकडे गेले आणि त्यांनी विचारलं, हा भोंगा कोणत्या कंपनीचा? दुसऱ्या दिवशी कारखान्यात पहिलाच मुद्दा तो काढला. "आपली गाडीमा बी असाच तिखट नाकना पायजे." आमच्या गाडीतला भोंगा त्याच्याशी तुलना करून पाहण्यात आला, आणि मंद निघाला. तो त्यांनी मुकाट्यानं बदलून दिला. भरीत मात्र कच्चंच राहिलं.

चार दिवस चाचण्या झाल्या. प्रवाशांच्या वजनाएवढ्या वाळूच्या गोण्या डब्यात भरून गाडी पळवली. नानांची तक्रार अशी की वाळू एका जागी बसते आणि आपली माणसं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधीच दाराकडे सरकतात. तेव्हा सगळ्या गोण्या दाराशी रचून पुन्हा पळवा. पळवली. ब्रेक पास झाले. दिवे, वारा, पावसाचा फवारा, सगळं पास. गुरुवारी सकाळी दारांची पाळी आली. शुक्रवारी बोट होती. थोरल्या साहेबांचा फोन रोज येत होता आणि रोज एकच वाक्य असायचं, "नाना, गाडी निघाली का?" जाड पट्टीची चाचणी झाली. दारं शहाण्यासारखी उघडली. दारवाल्यानं सहीचा कागद पुढे केला. नानांनी पेटी उघडली आणि लुगडं बाहेर काढलं.

नुसतं हातात धरून चालणार नव्हतं. नेसलेलं कापड वेगळं वागतं, असं नानांचं म्हणणं. नेसायचं कुणी? सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि मी नाही म्हणायला शिकलेलो नाही. नेसवायचं नानांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी एरंडोलला बायकोला, म्हणजे अक्कांना, फोन लावला, चेहरा दिसणारा. अक्का तिकडे दुपारची भांडी आवरत होत्या. कारखान्याच्या मधोमध, अंगात पिवळं जाकीट, पायात लोखंडी टोकाचे बूट, डोक्यावर हेल्मेट, कारण नियम म्हणजे नियम, आणि त्यावर मी नऊवारी नेसू लागलो. "डावा हातले निऱ्या घे रे भाऊ," अक्का फोनमधून सांगत होत्या. "तसं नही. त्यास्ले बाजूले कर, त्यास्ले काही समजस नही." नाना बाजूला झाले. शेवटी अक्का म्हणाल्या, "दिसस बरा. तुनी मायले फोटो धाड." तो फोटो कुणीतरी काढला आहे. मी आजवर पाहिलेला नाही.

मी फलाटावर उभा राहिलो. पदर दारात, दार मिटलं. पुढे गाडी चालवायच्या खोलीत हिरवा दिवा लागला. म्हणजे गाडीच्या मते सगळं ठीक होतं, निघायला हरकत नव्हती. नाना म्हणाले, बघा. दारवाला म्हणाला, थांबा, आता ओढा. मी ओढलं. पदर लोण्यातून निघावा तसा सुळकन् बाहेर आला. पुन्हा केलं, पुन्हा निघाला. त्याचं म्हणणं खरं होतं. पातळ कापड अडकलं तरी ओढल्यावर सुटतं, आणि तेवढं नियमाला पुरतं. कारखान्याचे लोक सौम्यपणे हसले. नानांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. कागद पुढे होता, पेन पुढे होतं, आणि निवृत्तीला तीनच महिने राहिले होते. सही केली असती तर त्यांना कुणी बोल लावला नसता. आता तर चाचणीही घेऊन झाली होती.

मला कळेना, बोलावं की नको. मोठ्या माणसांच्या मधे बोलायचं नाही, हे मला शाळेनं शिकवलेलं एकमेव काम. पण त्या हिरव्या पट्टीचं टोक चुरगळलेलं का होतं, त्या बाईचा पदर असा सुळकन् का सुटला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, "नाना, गाठ."

"काय?"

"पदराले गाठ असते ना नाना. किल्लीची."

नानांनी खिशातून खोलीची किल्ली काढली, पदराच्या टोकात घातली, आणि माझ्याच हातानं गाठ मारून घेतली, आई मारते तशी. गाठ दाराच्या आत, मी बाहेर. दार मिटलं. हिरवा दिवा. मी ओढलं. नानांनी ओढलं. मग दोघांनी मिळून ओढलं. गाठ आतून रबराला टेकून बसली आणि हलेना. दारवाला जवळ आला, काचेला डोळा लावून आतल्या गाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून त्यानं एकच शब्द विचारला, "असोदा?"

मी मान हलवली.

बाकीच्यांपैकी एकजण म्हणाला, ही एका प्रदेशातल्या बायकांची सवय झाली, त्यासाठी अख्खं दार बदलता येत नाही. दारवाला उत्तर देता देता थांबला आणि हळूच स्वतःच्या छातीकडे पाहू लागला. गळ्यात फीत, फितीच्या टोकाला ओळखपत्र. त्यानं शेजारचं दार उघडायला लावलं, ओळखपत्र आत टाकलं, आणि दार मिटलं. हिरवा दिवा. फीत निघेना. मान मागे घेता येईना. एवढा मोठा इंजिनियर नाक काचेला लावून उभा, आणि गाडी म्हणते सगळं ठीक आहे, निघू का? तिथल्या प्रत्येकाच्या गळ्यात फीत होती. एकेकाचा हात आपापल्या फितीकडे गेला. बाहेरून दार उघडायचं इमर्जन्सी हँडल कुठं असतं ते त्या गर्दीत मलाच पाठ होतं, कलम दोनशे सहा. मी निऱ्या सावरत धावलो आणि त्याला सोडवलं. त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नानांनी कागदावर लिहिलं की दार पसंत नाही. खाली लिहिलं, आधीची मंजुरी माझी होती आणि ती चूक माझी आहे. त्याखाली लिहिलं, गाठीची गोष्ट कुणाच्या लक्षात आली, आणि माझं पूर्ण नाव घातलं, हुद्द्यासकट. मग थोरल्या साहेबांना स्वतः फोन केला. "साहेब, गाडी निघाली नाही," एवढं सांगून त्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला. तरी पलीकडचं सगळं मला ऐकू आलं. शुक्रवारची बोट गेली. संध्याकाळी नानांनी पाण्यात पीठ कालवून भाकरी केल्या, तव्याऐवजी कढईत, त्या फुगल्या नाहीत. आम्ही चटणीशी खाल्ल्या. नाना म्हणाले, "भाऊ, झोप आज."

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी लागली. नाना निवृत्त झाले तेव्हा ती चालूच होती, म्हणून हार नाही, नारळ नाही, भाषण नाही. मी एकटा त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. त्यांनी रेल्वेच्या डब्याला दारातूनच एक टिचकी मारली, आवाज ऐकला, मान हलवली आणि चढले. आठ महिन्यांनी नानांना एका ओळीचं पत्र आलं, चौकशी बंद. त्याच सुमारास गाड्या आल्या. दाराच्या कडेला आता एक जास्तीची नाजूक पट्टी आहे. दोन्ही फळ्यांमध्ये धाग्याएवढं काही ताणलं गेलं तरी दार परत उघडतं. माझा ठेका संपला आणि मेट्रोनं मला दारांच्या कामावर आपल्याकडे घेतलं, त्या कागदावरच्या नावामुळे. आता मी वर्षातले दोनच महिने काळजीत असतो.

लोक या दारांना शिव्या देतात. सारखी उघडतात, म्हणे, गाडी लेट होते. परवा एक मुलगी चढली, ओढणी मागे राहिली, दार मिटता मिटता उघडलं. तिनं ओढणी आत ओढली आणि मैत्रिणीला म्हणाली, "किती फालतू दार आहे." मी कोपऱ्यात उभा होतो. मला फार बरं वाटलं.

नाना त्या गाडीत एकदाही बसलेले नाहीत. या म्हटलं की म्हणतात, "माले कोठे जानं शे?" गुडघे गेलेत, आता कानही गेलेत. गाडीच्या संगणकात दार किती वेळा परत उघडलं त्याची नोंद असते. दर रविवारी फोन करून मी त्यांना आकडा सांगतो. आधी ते पोथीचं कलम ऐकल्यासारखे शांतपणे ऐकायचे, कोणत्या स्टेशनला जास्त ते विचारायचे. आता आकडा त्यांना नीट ऐकू जात नाही. गेल्या रविवारी अक्कांनीच फोन घेतला. मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "आकडा ऱ्हाऊ दे भाऊ. मी त्यास्ना कानमा सांगस, बठ्ठ्या घर गयात."

मी म्हटलं, हो अक्का, सगळ्या घरी गेल्या, तसंच सांगा. मग डबा भरला आणि शिफ्टला निघालो.